पंगतीच्या खमंग काकडीला पाणी सुटू नये म्हणून काय करावे?

माजघर:

नमस्कार. साताऱ्याला आमच्या घरी ज्येष्ठा गौरींच्या पूजनाच्या दिवशी सुमारे ४५ माणसे जेवायला असतात आणि सासूबाईंना आता फार वेळ उभे राहवत नसल्यामुळे गेल्या वर्षापासून त्या दिवसाचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी हे सारे मनासारखे उतरले, पण खमंग काकडी पार बिघडली. सकाळी आठ वाजता ४ किलो काकडी सोलून किसली, पुढे गडबडीत विसरायला नको म्हणून मीठ आणि साखर तेव्हाच घातली, त्यावर दाण्याचे कूट, ओले खोबरे, हिरवी मिरची व तूप-जिऱ्याची फोडणी घालून पातेले झाकून ठेवले. नैवेद्य होऊन पहिली पंगत बसेपर्यंत सव्वा वाजला. झाकण काढले, तर कीस तळाशी बसलेला आणि वर कुटाचे पांढुरके पाणी तरंगत असलेले. वाढल्यावर ते पाणी पानाच्या डाव्या बाजूकडून वाहत थेट वरणभाताखाली गेले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत, परंतु त्यांच्या हातची काकडी दुसऱ्या पंगतीपर्यंत दाताखाली करकर वाजत असे, हे घरातल्या सर्वांना आठवते. त्यांना विचारले तर ‘हाताला कळते’ एवढेच त्या सांगतात. म्हणून येथे विचारते आहे. काकडी किसावी की चोचवावी? मीठ लावून पाणी पिळून काढणे योग्य आहे का? काकडी आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये ठेवली तर ती मऊ पडते का? आणखी एक अडचण अशी, की नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याकडे चाखत नाहीत, त्यामुळे एखादी काकडी कडू निघाली तर ती पानात गेल्यावरच कळते. यावर कोणाकडे उपाय असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

मळ्यातला:

मी पुरंदर तालुक्यात गेली चौदा वर्षे काकडी करतो, त्यामुळे कोशिंबिरीविषयी इतर मंडळी अधिक सांगतील. मी काकडी घरात येईपर्यंतचे आणि ती चिरेपर्यंतचे सांगतो. माझ्या मते निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. ते पाणी बारीक बारीक पेशींमध्ये दाबाने भरलेले असते, भरलेल्या पखालीसारखे, आणि त्या ताणामुळे काकडी करकरीत लागते. दात लागताच त्या पेशी फुटतात, त्याचाच तो आवाज. पाणी कमी झाले की पेशी सैलावतात आणि काकडी चिवट व लिबलिबीत होते. म्हणजे जे पाणी तुम्हाला पातेल्यात नको आहे, तेच काकडीच्या आत हवे आहे. मीठ किंवा साखर बाहेरून लागली, की पेशींतले पाणी बाहेरच्या दाट द्रावाकडे ओढले जाते. तुम्ही आठ वाजता मीठ व साखर दोन्ही घातलीत आणि त्यावर पाच तास गेले. इतक्या अवधीत कोणतीही काकडी टिकली नसती.

घेताना हाताएवढी लांब, सडपातळ आणि सर्व बाजूंनी सारखी टणक काकडी घ्यावी. मध्यभागी फुगलेली, पिवळसर पडलेली काकडी जून असते. तिच्यात बी धरलेले असते आणि बियांभोवतीचा गर हा पाणी सुटण्याचा सर्वांत मोठा स्रोत असतो. दोन्ही टोके बोटांनी दाबून पाहावीत, कारण तोडून दोन-तीन दिवस झालेली काकडी आधी टोकांकडून मऊ पडते. पेरणीनंतर साधारण ४०–४५ दिवसांनी तोडणी सुरू होते आणि पुढे दर दोन-तीन दिवसांनी तोडा करावा लागतो. तोडा एकदा चुकला तरी वेलावरची काकडी निबर होते. पाऊस लागला की शेतात शिरता येत नाही आणि तोडे चुकतात, म्हणून भाद्रपदात काकडी पारखून घेणे उन्हाळ्यापेक्षाही गरजेचे असते. आमच्या भागात पांढरट-फिकट हिरवी काकडी पुष्कळ होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘हिमांगी’ हे वाण त्यातलेच. कोशिंबिरीसाठी माझी पसंती अशा पातळ सालीच्या, कोवळ्या काकडीला आहे.

फ्रिजबद्दल आपण विचारलेत ते फार महत्त्वाचे आहे. काकडीला उष्णता सोसत नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण तिला फार थंडीही सोसत नाही. १० ते १२ अंश सेल्सिअस हे तिला मानवणारे तापमान आहे. घरचा फ्रिज बहुधा ४–५ अंशांवर असतो. तेथे एक-दोन दिवस काही बिघडत नाही, परंतु त्यापुढे सालीवर पाणी मुरल्यासारखे खोलगट डाग पडू लागतात आणि बाहेर काढल्यावर काकडी झपाट्याने चिकट होते. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी आणावी, पुसून कोरडी करावी, सुती कापडात गुंडाळून खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाकावी. केळी, पिकलेले टोमॅटो किंवा सफरचंदे यांच्या शेजारी ठेवू नये. पिकताना त्या फळांतून जो वायू सुटतो, त्याने काकडी लवकर पिवळी पडते. सणाच्या दिवशी घरात केळ्यांचे घड असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

कडवटपणा हा देठाकडच्या भागात आणि सालीलगत अधिक असतो. वेलाला पाण्याचा ताण पडला किंवा कडक ऊन लागले की तो वाढतो. देठ कापून चकतीने घासून फेस काढण्याची रीत घरोघरी आहे, पण तो फेस म्हणजे वेलवर्गीय फळाच्या शिरांतला चीक असतो आणि तो काढल्याने आतला कडूपणा ओढला जात नाही. उपयोग होतो तो देठाकडचा दोन बोटे भाग कापून टाकल्याचा. आपल्या नैवेद्याच्या अडचणीवर माझ्या आईने शोधलेला मार्ग असा: प्रत्येक काकडीची देठाकडची कापलेली चकती वेगळी ठेवायची आणि स्वयंपाकाला न बसलेल्या कोणीतरी बाहेरच्या खोलीत तिचा कणभर तुकडा चाखायचा. ती चकती नैवेद्यात जाणारच नसते आणि कडूपणा सर्वांत आधी तेथेच दिसत असल्यामुळे चकती गोड, तर काकडी गोड. चकती किंचित कडवट असेल तर आणखी दोन बोटे कापून पुन्हा पाहावे. जी काकडी मध्यापर्यंत कडूजहर लागेल ती मात्र खाऊ नये आणि कोणाला देऊही नये. कडू दुधीच्या रसाने जशी विषबाधा होते, त्याच जातीचे द्रव्य हिच्यातही असते.

पंगतवाढपी:

देवस्थानाच्या आणि घरगुती पंगतींचा स्वयंपाक करण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. मळ्यातला यांनी सांगितलेले कारण अचूक आहे. मी आता हाताची रीत सांगतो.

गौरींच्या पानात वाढायची ती खमंग काकडी किसू नये. किसणीने काकडीच्या पेशी चिरडल्या जातात आणि मीठ लागण्याआधीच पाणी सुटू लागते. काकडी चोचवावी, म्हणजे सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून सुरीच्या धारेने तिच्यावर जवळजवळ उभे घाव घालीत जावे, काकडी थोडी थोडी फिरवीत राहावे आणि मग वरचा थर आडवा कापून परातीत पाडावा. काही घरांत यालाच कोचवणे म्हणतात. या रीतीने तांदळाच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीएवढे लहानमोठे तुकडे पडतात आणि त्या असमानतेमुळेच ही काकडी खाताना जिवंत लागते. सुरीला धार हवीच, कारण बोथट सुरी काकडी कापीत नाही, ठेचते. चोचवण्याचे काम मधल्या गराशी आले की थांबावे; काकडी अगदी कोवळी असेल तर तो गर घ्यावा, बी जाणवत असेल तर बाजूला काढावा. ४ किलो चोचवायला सवयीच्या दोन माणसांना पाऊण तास पुरतो. हात नवा असेल तर बारीक चिरावी, पण किसणी घेऊ नये.

चोचवण्याआधी एक गोष्ट करावी. सोललेल्या अखंड काकड्या पिण्याच्या थंडगार पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवाव्यात. वाटेत जे पाणी त्यांनी गमावलेले असते ते त्या परत ओढून घेतात आणि सैल पडलेली काकडीसुद्धा पुन्हा ताठ होते. या पाण्यात मीठ घालू नये आणि तासन्‌तास बुडवून ठेवू नये, कारण त्याने चव उतरते. बाहेर काढल्यावर मात्र पंचाने एकेक काकडी खरोखर कोरडी करावी. परातीत उतरलेले पाणी कित्येकदा या न पुसलेल्या काकडीचेच असते आणि दोष मिठाला दिला जातो.

आता वेळेचे पाहू. नैवेद्य साडेबाराला असेल तर काकडी अकराला चोचवावी, मोठ्या चाळणीत काढून चाळणी पातेल्यावर ठेवावी आणि वर ओलसर, घट्ट पिळलेले कापड झाकावे. मीठ नाही, साखर नाही, लिंबू नाही. कूट आदल्या दिवशी करून ठेवावे, परंतु दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजलेले हवेत आणि कूट जाडसर हवे, कारण बारीक पिठासारखे कूट सुटलेल्या पाण्यात विरघळून पांढरा काला होतो. मिरची, ओले खोबरे, कोथिंबीर वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवावी. नैवेद्यापुरती वाटीभर काकडी तेवढी आधी कालवावी. बाकीची, पाने मांडून वरण-भात वाढायला घेतला की कालवायची: पहिल्यांदा तूप-जिरे-मिरचीची कोमट फोडणी चोळायची, मग कूट आणि खोबरे, मग साखर व लिंबू, आणि मीठ सर्वांत शेवटी. तुपाचा पातळ हात काकडीला आधी लागला की मीठ लागायला थोडा अवधी जातो, असा माझा अनुभव आहे. फोडणी कडकडीत ओतू नये, त्याने काकडी शिजते.

न चाखता मीठ घालायचे असल्यामुळे ते मोजून घालावे. चोचवलेल्या १ किलो काकडीला चहाचे दोन सपाट चमचे मीठ, म्हणजे साधारण १० ग्रॅम, हे प्रमाण कधी चुकत नाही. माझा शेवटचा आग्रह असा, की सर्व ४ किलो एकदम कालवू नये. पहिल्या पंगतीचे पहिल्या पंगतीला आणि दुसऱ्या पंगतीचे ती बसल्यावर. सासूबाईंच्या हाताला जे कळत होते, ते बहुधा हेच असावे.

आणि खमंग काकडी पिळू नये. पिळलेल्या काकडीची चवच पाण्याबरोबर जाते आणि मागे चोथा राहतो.

तवसे:

पंगतवाढपी यांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे, निदान सर्व काकड्यांच्या बाबतीत. आम्ही सिंधुदुर्गातले. पावसाळ्यात आमच्या परड्यात हातभर लांब आणि मांडीएवढी जाड तवशी लागतात आणि गणपतीच्या दिवसांत तीच हाताशी असतात. त्यांचा धोंडस होतो, गोव्यात तवसोळी होते, पण कोशिंबीरही होतेच, आणि तवशाची कोशिंबीर पिळल्याशिवाय होत नाही. उभे दोन भाग करून चमच्याने मधला सगळा गर व बिया खरवडून काढायच्या, राहिलेला घट्ट भाग बारीक चिरायचा, १ किलोला चहाचे दोन सपाट चमचे मीठ चोळून अर्धा तास रोळीत ठेवायचा आणि मग मुठीत हलकेच दाबायचा. अशा काकडीत करकरीतपणा राहतो, मात्र तो वेगळा असतो: रसाळ कुरकुरीतपणाऐवजी दाताला किंचित तटतटीत लागणारा. त्याला जे पाणी सोडायचे ते त्याने आधीच सोडलेले असल्यामुळे पुढे दोन तास काही होत नाही. दह्यातल्या कोशिंबिरीला तर मी कोवळी काकडीसुद्धा अशीच दाबून घेते, कारण दह्याला आधीच पाणी असते. दहीही तासभर फडक्यात टांगून घेतलेले बरे. यात पुन्हा मीठ घालण्याची घाई करू नये, बरेचसे मीठ काकडीत राहिलेले असते.

निघालेले पाणी ओतू नये एवढे मात्र आवर्जून सांगते. त्यात काकडीचा सारा वास असतो. थालीपिठाची भाजणी त्या पाण्यात भिजवावी किंवा ते ताकात घालावे आणि वरून मीठ कमी करावे.

पंगतवाढपी:

तवसे यांचे म्हणणे मान्य आहे. मी कोवळ्या काकडीपुरते बोलत होतो. जून काकडी किंवा तवसे वापरायचे असेल तर गर काढून दाबणे हाच मार्ग. गौरींच्या पानात मात्र कोवळी काकडी मिळत असताना दुसरी वापरू नये, या मतावर मी ठाम आहे.

पोळपाट:

मी कॅनडात राहते, म्हणून परदेशातल्या वाचकांसाठी थोडेसे लिहिते. येथे प्लास्टिकच्या घट्ट आवरणात मिळणारी लांब काकडी बिनबियांची आणि पातळ सालीची असते, ती सोलावीही लागत नाही. ते आवरण ओल टिकवण्यासाठी असते, म्हणून वापरेपर्यंत काढू नये. जाड सालीची चकचकीत काकडी मात्र मेण लावलेली असते आणि ती सोलूनच घ्यावी. खमंग काकडीसाठी मला वीतभर लांबीच्या छोट्या काकड्या सर्वांत योग्य वाटल्या, कारण त्यांत गर अगदी कमी असतो आणि चोचवल्यावर तासाभरानेही त्या ताठ राहतात.

माजघर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सणापर्यंत थांबवेना म्हणून काल घरीच करून पाहिले. मंडईतून निवडून १ किलो कोवळी काकडी आणली, निम्मी किसून लगेच मीठ-साखर घातली आणि निम्मी चोचवून कोरडीच चाळणीत ठेवली. तासाभराने किसलेल्या काकडीतून पाऊण वाटी पाणी निघाले. चोचवलेल्या काकडीच्या खालच्या पातेल्यात जेमतेम दोन चमचे होते. ती ताटे घेताना कालवली. मुलाने दुसऱ्यांदा मागून घेतली आणि सासूबाईंनी पहिला घास खाऊन माझ्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, की त्या नेहमी मीठ घेऊन वाढणाऱ्याच्या मागे उभ्या राहत असत. इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

चोचवताना माझा हात फार हळू चालतो, अर्ध्या किलोला पंचवीस मिनिटे लागली. ४ किलोसाठी आदल्या रात्री चोचवून ठेवता येईल का?

पंगतवाढपी:

रात्री चोचवू नका. कापलेली काकडी रात्रभर ठेवली की मिठाशिवायही पाणी सोडते, तिचा ताजा वास जातो आणि पावसाळ्याच्या दिवसांत कच्चे चिरलेले काही इतका वेळ ठेवणे आरोग्यालाही बरे नाही. रात्री फक्त काकड्या धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून ठेवा. सकाळी घरातल्या दोन-तीन जणींना विळ्या देऊन बारीक चिरायला बसवा आणि तुम्ही एकट्या नैवेद्यापुरती चोचवा. ४५ माणसांना माणशी पाऊणशे ग्रॅम धरले तर सोलून साडेतीन किलो पुष्कळ होते, ४ किलो आणलेली पुरेल. मीठ आधीच किलोमागे मोजून पुड्या करून ठेवा आणि त्या पुड्या सासूबाईंच्या हाती द्या. दुसरी पंगत बसली की कोणत्या क्षणी पुडी सोडायची, ते त्या बरोबर सांगतील.